जँगोमध्ये टेबल स्वतःलाच जोडायचं: पॅरेंट-चाइल्ड नातं सुरुवातीपासून नीट कसं करायचं

फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत अजून एक, आणि हे किती खोल जाणार ते कोणालाच आधी माहीत नाही. असा डेटा ठेवायची वेळ आली की पुष्कळ जण फोल्डर, सबफोल्डर, सबसबफोल्डर अशी वेगवेगळी मॉडेल्स करायला घेतात आणि चौथी पातळी आली की अडकतात. याला एकच टेबल पुरतं, त्यात एक कॉलम जास्तीचा, जो त्याच टेबलमधल्या दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवतो. एवढंच. पण त्या एका कॉलमभोवती डिलीटचं काय, गोल फिरलं तर काय, एकाच जागी दोन सारखी नावं आली तर काय, असे बरेच नियम लागतात आणि ते पहिल्या दिवशी ठरवले नाहीत तर सहा महिन्यांनी डेटा साफ करत बसावं लागतं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

मी सगळं जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, दाखवतो कारण माझं रोजचं काम त्यातच असतं. रेल्स किंवा लॅराव्हेल अशी दुसरी फ्रेमवर्क वापरत असाल तरी विचार हाच, फक्त तिथे नातं बिलॉंग्ज-टू आणि हॅज-मेनी असं दोन्ही बाजूंनी हाताने लिहावं लागतं, जँगोमध्ये एका बाजूने लिहिलं की उलटी बाजू आपोआप मिळते.

पहिलं काम: मॉडेल

क्लास फोल्डर(मॉडेल्स.मॉडेल):
प्रोजेक्ट = मॉडेल्स.फॉरेनकी(प्रोजेक्ट, ऑन_डिलीट=मॉडेल्स.कॅस्केड)
नेम = मॉडेल्स.चारफील्ड(मॅक्स_लेंग्थ=200)
पॅरेंट = मॉडेल्स.फॉरेनकी('सेल्फ', नल=ट्रू, ब्लँक=ट्रू, ऑन_डिलीट=मॉडेल्स.प्रोटेक्ट, रिलेटेड_नेम='चिल्ड्रन')

फॉरेनकी म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा कॉलम. यातली शेवटची ओळ महत्त्वाची, तिचा एकेक तुकडा बघू. 'सेल्फ' अवतरणचिन्हात का, तर क्लासच्या आतल्या ओळी चालतात तेव्हा फोल्डर नावाचा क्लास अजून तयारच झालेला नसतो, त्यामुळे थेट फोल्डर लिहिलं तर पायथन नेम एरर देतो. अवतरणात लिहिलं की जँगो ते नाव नंतर जुळवून घेतो.

नल आणि ब्लँक या दोघांत नेहमी गोंधळ होतो. नल हे डेटाबेससाठी, म्हणजे कॉलम रिकामा राहू शकतो. ब्लँक हे फॉर्मच्या तपासणीसाठी. सगळ्यात वरच्या फोल्डरला पॅरेंट नसतोच, त्यामुळे नल द्यावंच लागतं, आणि ब्लँक विसरलात तर जँगोच्या तयार नियंत्रण-पानांमधून, म्हणजे अ‍ॅडमिनमधून वरचा फोल्डर बनवताच येणार नाही, फॉर्म हटून बसेल की पॅरेंट भरा. काही जण नल टाळायला वरच्या रेकॉर्डला स्वतःचाच पॅरेंट करतात. ते करू नका, पुढे वर चढत जाणारं प्रत्येक लूप त्या जागी गोल फिरतं.

रिलेटेड_नेम दिलं नाही तर उलटी बाजू फोल्डर_सेट या नावाने मिळते, चालतं, पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला कळत नाही की हा सेट मुलांचा की आणखी कशाचा. चिल्ड्रन दिलं की तेच नाव क्वेरीतही चालतं. उदाहरणार्थ ज्यांना एकही मूल नाही असे शेवटचे फोल्डर हवे असतील तर फिल्टर(चिल्ड्रन__इजनल=ट्रू), आणि सगळ्यात वरचे हवे असतील तर फिल्टर(पॅरेंट__इजनल=ट्रू). मुलांच्या नावावरून पॅरेंट शोधत असाल तर मात्र डिस्टिंक्ट लावा, कारण जॉइन झाल्यामुळे जितकी मुलं जुळतील तितक्या वेळा तोच पॅरेंट परत येतो.

फॉरेन की ला इंडेक्स जँगो स्वतःच लावतो, वेगळा लावायची गरज नाही. आणि पॅरेंट कोण आहे हे फक्त आयडीने तपासायचं असेल तर (एफ म्हणजे एक फोल्डर) एफ.पॅरेंट.आयडी लिहू नका, एफ.पॅरेंट_आयडी लिहा. पहिल्यात पॅरेंट आणायला एक जास्तीची क्वेरी जाते, दुसऱ्यात आकडा आधीच हातात असतो.

दुसरं: डिलीट केलं की मुलांचं काय

ऑन_डिलीट देणं जँगो 2.0 पासून सक्तीचं झालं, आणि बरं झालं, कारण आधी काही दिलं नाही तर गुपचूप कॅस्केड, म्हणजे वरचं गेलं की खालचंही जाणं, लागायचं. एका कामात मी विचार न करता कॅस्केड लावून मोकळा झालो होतो आणि वापरणाऱ्या एकाने वरचा एक जुना फोल्डर रिकामा आहे असं समजून उडवला, त्याच्याखालचं सगळं झाड गेलं आणि बॅकअपमधून परत आणायला जवळजवळ पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून झाडाच्या पॅरेंट फील्डला मी सुरुवात प्रोटेक्टनेच करतो. मुलं असलेला फोल्डर डिलीट करायला गेलं की प्रोटेक्टेड एरर येतो, तो व्ह्यूमध्ये पकडायचा आणि माणसाला सांगायचं की आत अजून फोल्डर आहेत, आधी ते हलवा.

सेट_नल वरवर सौम्य वाटतं, पण त्याचा परिणाम असा की मधला फोल्डर गेला की त्याची सगळी मुलं एकदम सगळ्यात वरच्या पातळीवर येऊन पडतात आणि ती मुळात कुठली होती हे परत कळायला काही मार्ग राहत नाही. मुलांना आजोबांकडे द्यायचं असेल तर ते हाताने करा, आधी एफ.चिल्ड्रन.अपडेट(पॅरेंट=एफ.पॅरेंट) आणि मग डिलीट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही.

प्रोटेक्टची एक अडचण आहे. वरच्या मॉडेलमध्ये प्रोजेक्टला कॅस्केड आहे, म्हणजे प्रोजेक्ट उडवला की त्याचे फोल्डर जावेत अशी अपेक्षा, पण फोल्डरांमध्ये पॅरेंट-मूल नातं प्रोटेक्ट असल्यामुळे प्रोजेक्टच डिलीट होत नाही. यासाठी जँगो 3.1 मध्ये रिस्ट्रिक्ट आलं. ते एरवी प्रोटेक्टसारखंच अडवतं, पण ती मुलं त्याच कामात दुसऱ्या बाजूने कॅस्केडने जाणारच असतील तर अडवत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवर हे सुरळीत चालतं कारण जँगो तिथे फॉरेन की ची तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटापर्यंत पुढे ढकलतो. मायएसक्यूएल या डेटाबेसवर अशी ढकलाढकल होत नाही, तिथे खालून वर डिलीट करत जाणं जास्त सुरक्षित.

अजून एक, हे कॅस्केड, प्रोटेक्ट वगैरे सगळं जँगो पायथनमध्ये करतो, डेटाबेसमध्ये फक्त साधी फॉरेन की असते. त्यामुळे कोणी थेट एसक्यूएल लिहून डिलीट मारलं तर कॅस्केड होणार नाही, फॉरेन की चा एरर येईल.

तिसरं: एकाच फोल्डरात एकाच नावाचे दोन नकोत

इथे लोक प्रोजेक्ट, पॅरेंट आणि नेम या तिघांवर युनिककन्स्ट्रेंट, म्हणजे तेच तिन्ही परत एकत्र येऊ न देणारा डेटाबेसचा नियम, लावतात आणि काम झालं समजतात. झालेलं नसतं. एसक्यूएलमध्ये दोन नल एकमेकांसारखे धरले जात नाहीत, म्हणून ज्यांचा पॅरेंट नल आहे अशा सगळ्यात वरच्या पातळीवर 'रिपोर्ट' नावाचे दहा फोल्डर बिनधास्त तयार होतात आणि डेटाबेस काही बोलत नाही. यावर उपाय म्हणजे दोन कन्स्ट्रेंट: एक तिन्ही कॉलमवर, आणि दुसरा फक्त प्रोजेक्ट आणि नेमवर, त्याला कंडिशन=क्यू(पॅरेंट__इजनल=ट्रू). कंडिशनवालं कन्स्ट्रेंट जँगो 2.2 पासून आहे. जँगो 5.0 पासून नल्स_डिस्टिंक्ट=फॉल्स देऊन एकातच भागतं, पण त्याला पोस्टग्रेस 15 किंवा पुढचं लागतं. मायएसक्यूएलवर कंडिशनवालं कन्स्ट्रेंट बनतच नाही, जँगो फक्त इशारा देऊन पुढे जातो, तो इशारा वाचायची सवय ठेवा.

चौथं: गोल फिरणं, आणि हेच खरं अवघड

अ चा पॅरेंट ब, ब चा पॅरेंट क, आणि कोणीतरी क ला उचलून अ च्या आत टाकलं. आता या तिघांना वरचं टोकच नाही. वरपासून झाड काढलं तर हे तिघं दिसतच नाहीत, माणसाला वाटतं फोल्डर गायब झाले, आणि खालून वर चढणारं लूप असेल तर ते थांबतच नाही. डेटाबेसची फॉरेन की याला अडवत नाही, कारण तिच्या दृष्टीने प्रत्येक आयडी टेबलमध्ये आहे, मग सगळं ठीक.

सगळ्यात सोपी चूक, म्हणजे स्वतःच स्वतःचा पॅरेंट, ती चेककन्स्ट्रेंटने डेटाबेसमध्येच अडवता येते. अट अशी लिहायची: नॉट क्यू(पॅरेंट=एफ('आयडी')). इथला एफ म्हणजे फोल्डर नाही, त्याच ओळीतला कॉलम सांगणारा जँगोचा एफ. जँगो 5.1 पासून या अटीच्या पॅरामीटरचं नाव चेक ऐवजी कंडिशन झालं आहे, जुना कोड उचलताना लक्षात असू द्या. मायएसक्यूएलवर हेही चालत नाही, कारण ऑटो इन्क्रिमेंट कॉलमवर तिथे चेक लावता येत नाही.

लांबचं वर्तुळ मात्र कोडमध्येच तपासावं लागतं. मी मॉडेलच्या क्लीन या तपासणीच्या मेथडमध्ये असं करतो:

नोड = सेल्फ.पॅरेंट
पाहिलेले = सेट()
व्हाइल नोड इज नॉट नन:
जर नोड.पीके == सेल्फ.पीके किंवा नोड.पीके पाहिलेल्यांत असेल तर व्हॅलिडेशनएरर
पाहिलेले.अ‍ॅड(नोड.पीके)
नोड = नोड.पॅरेंट

नव्या पॅरेंटपासून वर चढत जायचं आणि वाटेत आपणच भेटलो तर थांबायचं. नवा, अजून सेव्ह न झालेला फोल्डर असेल तर त्याला पीके, म्हणजे आयडी, नसतो, त्याच्याखाली कोणी असणंही शक्य नाही, तिथे तपासणी सोडून द्या. पाहिलेल्यांचा सेट कशाला, तर डेटामध्ये आधीच कुठे जुनं वर्तुळ पडलेलं असेल तर हीच तपासणी अनंत फिरत राहील, म्हणून. प्रत्येक पायरीला एक क्वेरी जाते हे खरं, पण झाड सहसा सात-आठ पातळ्यांचं असतं आणि फोल्डर हलवणं काही दर सेकंदाला होत नाही, तिथे ही किंमत मोजायला माझी हरकत नाही.

आता दोन गोष्टी नीट ऐका. एक, सेव्ह केल्यावर क्लीन आपोआप चालत नाही. मॉडेलफॉर्म आणि अ‍ॅडमिन ती चालवतात, पण तुम्ही एपीआयमधून किंवा शेलमधून एफ.सेव्ह() म्हटलंत तर तपासणी झालेलीच नसते. त्यामुळे हलवण्यासाठी एक वेगळी मेथड ठेवा, तिचं नाव मूव्ह_टू ठेवा, तिच्यात आधी फुल_क्लीन आणि मग सेव्ह, आणि बाकी कुठल्याही कोडने पॅरेंट थेट बदलायचा नाही असं टीममध्ये ठरवा. क्वेरीसेटवरचा अपडेट तर सेव्हलाही विचारत नाही.

दोन, एकाच वेळी दोघांनी हलवलं तर. एकाने क्ष ला य च्या आत टाकलं, त्याच क्षणी दुसऱ्याने य ला क्ष च्या आत. दोघांच्या तपासणीला जुना डेटा दिसतो, दोघं पास होतात, आणि वर्तुळ तयार. नुसता हलवायचा फोल्डर लॉक करून हे थांबत नाही कारण दोघं वेगवेगळे रेकॉर्ड लॉक करतात. दोघांना समान असलेली गोष्ट लॉक करायला हवी, आपल्या मॉडेलमध्ये ती म्हणजे प्रोजेक्टचा रेकॉर्ड. ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिक च्या आत आधी प्रोजेक्ट सिलेक्ट_फॉर_अपडेट ने घ्यायचा, मग तपासणी, मग सेव्ह. हलवायचा फोल्डर आणि नवा पॅरेंट हे दोघंही लॉक मिळाल्यावर डेटाबेसमधून ताजे वाचा, आधी मेमरीत आणलेले वापरले तर लॉकचा काही उपयोग झाला नाही. जाता जाता दोघांचा प्रोजेक्ट एकच आहे ना हेही तिथेच बघून घ्या. एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसवर सिलेक्ट_फॉर_अपडेट चा काही परिणाम होत नाही, त्यामुळे याची टेस्ट खऱ्या डेटाबेसवरच करा.

पाचवं: वाचायचं कसं

टेम्प्लेटमध्ये फोल्डर.चिल्ड्रन.ऑल असं स्वतःलाच परत परत बोलावणारं इन्क्लूड लिहिलं की झाड पडद्यावर दिसतं आणि आनंद होतो, पण प्रत्येक फोल्डरमागे एक क्वेरी जात असते. 500 फोल्डर असतील तर 500 च्या वर क्वेरी.

पातळ्या ठरलेल्या असतील, समजा तीनच, तर प्रीफेच_रिलेटेड('चिल्ड्रन__चिल्ड्रन') पुरतं, तीन क्वेरीत सगळं येतं. मात्र त्यानंतर चिल्ड्रन.ऑल च वापरा, चिल्ड्रन.फिल्टर किंवा ऑर्डर_बाय लावलंत की आधी आणलेलं बाजूला राहतं आणि नवी क्वेरी जाते. वरच्या दिशेला सिलेक्ट_रिलेटेड('पॅरेंट__पॅरेंट'), आणि नावं लिहूनच द्या, कारण नुसतं सिलेक्ट_रिलेटेड() म्हटलं तर ते नल असू शकणाऱ्या फॉरेन की च्या मागे जात नाही.

खोली ठरलेली नसेल तर माझी आवडती पद्धत ही: एका प्रोजेक्टचे सगळे फोल्डर एका क्वेरीत आणायचे आणि झाड पायथनमध्ये बांधायचं.

गट = डिफॉल्टडिक्ट(लिस्ट)
सगळे = लिस्ट(फोल्डर.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(प्रोजेक्ट=पी).ऑर्डर_बाय('नेम'))
प्रत्येक एफ साठी: गट[एफ.पॅरेंट_आयडी].अपेंड(एफ)
प्रत्येक एफ साठी: एफ.किड्स = गट[एफ.आयडी]
वरचे = गट[नन]

दोन वेळा फिरायचं, एक क्वेरी, झालं. काही हजार रेकॉर्डपर्यंत मला याच्यापुढे जायची गरज फारशी पडलेली नाही. नाव किड्स का आणि चिल्ड्रन का नाही, तर चिल्ड्रन हे उलट्या नात्याचं नाव आहे, त्याला थेट लिस्ट दिली तर जँगो टाइप एरर देतो. आणि अंडरस्कोरने सुरू होणारं नावही ठेवू नका, टेम्प्लेटला ते वाचता येत नाही. आता टेम्प्लेटमधलं इन्क्लूड किड्स वर फिरवा, क्वेरी वाढणार नाहीत.

लाखभर रेकॉर्डमधून एकाच फोल्डरच्या खालचं झाड हवं असेल तेव्हा सगळं मेमरीत आणणं बरोबर नाही, तिथे रिकर्सिव्ह सीटीई, म्हणजे एसक्यूएलमधलं विथ रिकर्सिव्ह. ही सोय एसक्यूएल:1999 या स्टँडर्डमध्येच आली, पोस्टग्रेसमध्ये 8.4 पासून, एसक्यूलाइटमध्ये 3.8.3 पासून आणि मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून आहे. रचना अशी की पहिला भाग सुरुवातीचा फोल्डर आणतो, मग युनियन ऑल, मग दुसरा भाग आत्तापर्यंत मिळालेल्यांची मुलं आणतो, आणि नवीन काही मिळेनासं झालं की थांबतो. जँगोमध्ये हे फोल्डर.ऑब्जेक्ट्स.रॉ मधून चालवा, परत आलेल्या ओळी नेहमीचे फोल्डर ऑब्जेक्टच असतात. सोबत खोलीचा आकडा मोजणारा एक कॉलम ठेवा आणि त्यावर मर्यादा लावा, समजा 50 च्या आत, म्हणजे डेटामध्ये वर्तुळ असलं तरी क्वेरी अडकून पडणार नाही. नुसतं युनियन ऑल चं युनियन करून हे सुटेल असं वाटतं, पण खोलीचा कॉलम असला की प्रत्येक फेरीत ओळ वेगळीच दिसते, मग ती डुप्लिकेट म्हणून गळत नाही. पोस्टग्रेस 14 पासून यासाठी सायकल नावाचं खास कलमच दिलेलं आहे. मायएसक्यूएल 1000 फेऱ्यांनंतर स्वतःच एरर देऊन थांबतं.

अ‍ॅडमिन आणि इतर खाचखळगे

लोक स्ट्र मेथडमध्ये पूर्ण पाथ लिहितात, 'अ / ब / क' असा. दिसायला छान, पण अ‍ॅडमिनमधल्या पॅरेंटच्या ड्रॉपडाउनमध्ये प्रत्येक पर्यायासाठी ती मेथड चालते आणि प्रत्येक वेळी वर चढत क्वेरी मारते, फॉर्म उघडायला मिनिट लागतं आणि कारण पटकन लक्षात येत नाही. स्ट्र मध्ये फक्त नाव ठेवा, आणि पॅरेंटसाठी ऑटोकम्प्लीट_फील्ड्स लावा, त्यासाठी त्याच अ‍ॅडमिनमध्ये सर्च_फील्ड्स दिलेलं असावं लागतं.

मेटा मधल्या ऑर्डरिंगमध्ये 'पॅरेंट' लिहिलंत तर क्वेरी चालताना फील्ड एरर येतो की ऑर्डरिंगमुळे अनंत लूप झालं. कारण फॉरेन की वर क्रम लावायचा म्हटलं की जँगो त्या मॉडेलचं डिफॉल्ट ऑर्डरिंग बघायला जातो, आणि ते मॉडेल म्हणजे हेच. 'पॅरेंट_आयडी' लिहा, सुटतं.

फाइलमधून बरेच फोल्डर एकदम आणायचे असतील तर बल्क_क्रिएट एका फटक्यात चालणार नाही, पॅरेंट सेव्ह झालेला नसेल तर जँगो सरळ नकार देतो. पातळीनुसार करा, आधी वरचे सगळे, मग त्यांची मुलं, मग त्यांची. पोस्टग्रेसवर बल्क_क्रिएट नंतर आयडी लगेच मिळतात, मायएसक्यूएलवर मिळत नाहीत, तिथे प्रत्येक पातळीनंतर परत वाचून घ्यावे लागतात.

लायब्ररी कधी घ्यायची

वाचणं खूप आणि हलवणं क्वचित असेल, आणि 'याच्याखालचे सगळे' हा प्रश्न प्रत्येक पानावर पडत असेल तेव्हा. नेस्टेड सेट पद्धतीत प्रत्येक रेकॉर्डला डावा आणि उजवा असे दोन आकडे असतात, खालचं सगळं झाड एका साध्या बिटवीनने मिळतं, पण मध्ये एक फोल्डर घातला की पुढच्या कितीतरी रेकॉर्डचे आकडे बदलावे लागतात. मटेरियलाइज्ड पाथ पद्धतीत प्रत्येकाजवळ वरून खालपर्यंतचा रस्ता एका स्ट्रिंगमध्ये असतो आणि खालचं झाड म्हणजे त्या स्ट्रिंगने सुरू होणारं सगळं. जँगो-ट्रीबीअर्ड या लायब्ररीत दोन्ही आहेत, वेबसाइटची पानं सांभाळणारा वॅगटेल आपल्या पानांचं झाड त्यातल्याच पाथ पद्धतीने ठेवतो. तिथे डिफॉल्टला एका पातळीला 4 अक्षरं आणि 36 चिन्हं असतात, म्हणजे एका पॅरेंटखाली सोळा लाखांच्या वर मुलं मावतात, आणि पाथची लांबी 255 असल्यामुळे खोली 63 पातळ्यांपर्यंत. या रस्त्याला गेलात तर ऑब्जेक्ट्स.क्रिएट विसरायचं, अ‍ॅड_रूट आणि अ‍ॅड_चाइल्ड वापरायचं, नाहीतर पाथ बिघडतो. माझं मत, साध्या पॅरेंट कॉलमने सुरुवात करा, खरोखर हळू झालं हे मोजून कळल्यावरच इकडे या, कारण पॅरेंट कॉलमवरून पाथ केव्हाही काढता येतो.

आणि एका मुलाला दोन पॅरेंट असू शकत असतील, म्हणजे तोच फोल्डर दोन ठिकाणी दिसायला हवा, तर ते झाड राहत नाही आणि फॉरेन की तिथे चालणार नाही. त्यासाठी मेनीटूमेनीफील्ड('सेल्फ', सिमेट्रिकल=फॉल्स). सिमेट्रिकल फॉल्स विसरू नका, स्वतःशीच नातं असलं की जँगो डिफॉल्टला ते मैत्रीसारखं दोन्हीकडून धरतो, म्हणजे अ ला ब चा पॅरेंट केलं की ब पण अ चा पॅरेंट होऊन बसतो. वर्तुळाची तपासणी तिथेही लागतेच, फक्त वर चढताना एका रस्त्याऐवजी सगळ्या पॅरेंटांच्या रस्त्यांनी जावं लागतं.